भोसरीच्या बेअरिंगला न्यूयॉर्कची परवानगी का लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत बेअरिंग तयार करणाऱ्या एका लहान कारखान्याच्या भागीदारांना दुबईच्या व्यापाऱ्याकडून मोठी मागणी आली. आगाऊ रक्कम डॉलरमध्ये निघाली, पण इथल्या बँकेने "शेवटचा ग्राहक कोण?" असे विचारून ती अडवून धरली आहे. भागीदारांचे म्हणणे असे की, भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, मग अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीची धास्ती आपल्या बँकेने का घ्यावी? शिवाय क्युबा, उत्तर कोरिया, इराण, रशिया यांपैकी कोणीही झुकल्याचे दिसत नसताना सरकारे हा खटाटोप करतात तरी कशासाठी?

मी पुण्यात एका बँकेच्या परकीय चलन विभागात बावीस वर्षे काढली आणि गेली काही वर्षे पिंपरी-चिंचवड व चाकण भागातील लहान निर्यातदारांची कागदपत्रे पाहतो. मी मुत्सद्दी नाही. निर्बंध मला दिसले ते एलसी (बँकेचे हमीपत्र), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती) आणि स्विफ्ट मेसेज (बँकांनी एकमेकींना पाठवलेले निरोप) यांच्या बाजूने. तुमच्या व्यवहाराचे नेमके काय होईल हे मालाचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक), खरेदीदाराचा इतिहास, चलन आणि तुमच्या बँकेची परदेशांतील गुंतवणूक यांवर अवलंबून आहे. त्यामुळे फाइल पाहिल्याशिवाय निकाल देणे योग्य होणार नाही. मात्र तुमच्या दोन प्रश्नांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे, तो म्हणजे निर्बंध हे हत्यार नेमके कोणाच्या हातून चालते.

आधी कायद्याचे पाहू, कारण तिथे तुमचे म्हणणे बरोबरच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ४१ नुसार सुरक्षा परिषद सैन्य न वापरता व्यापार, दळणवळण आणि राजनैतिक संबंध तोडण्याचे आदेश देऊ शकते आणि असे आदेश भारतात १९४७ च्या एका कायद्याद्वारे लागू होतात. मसूद अझहरचे नाव चीनने वर्षानुवर्षे अडवून धरल्यानंतर अखेर १ मे २०१९ रोजी सुरक्षा परिषदेच्या समितीने यादीत घातले, ती याच प्रकारची यादी. याशिवाय आपली स्वतःची स्कोमेट यादी आहे, म्हणजे लष्करी कामीही येऊ शकणाऱ्या वस्तूंची यादी; त्यातील वस्तूंना डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. साधे औद्योगिक बेअरिंग सहसा तिच्यात येत नाही, परंतु विशेष मिश्रधातूंची आणि अतिकाटेकोर मापांची काही बेअरिंगे येतात, तेव्हा तेवढे तपासून घ्या. अमेरिकेने किंवा युरोपीय संघाने एकतर्फी लादलेले निर्बंध मात्र भारतीय कायद्याने तुमच्यावर बंधनकारक नाहीत. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस अमेरिकेने रशियाला मदत केल्याचे कारण देऊन सुमारे ४०० नावांवर निर्बंध घातले. त्यांत डझनाहून अधिक भारतीय कंपन्या होत्या आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्या व्यवहारांनी भारतीय कायद्याचा भंग झालेला नाही असे स्पष्ट सांगितले. तरीही त्या कंपन्यांची नावे यादीतच राहिली. कायदा मोडलेला नसतानाही धंदा अडू शकतो, ही गोष्ट तुमच्या बँकेतल्या अधिकाऱ्याला ठाऊक असते.

तो कसा अडतो हे समजण्यासाठी तुमची आगाऊ रक्कम प्रत्यक्षात कुठून येते ते पाहा. दुबईहून पुण्याला डॉलर येत नाहीत, येतो तो फक्त निरोप. दुबईच्या बँकेचे डॉलरचे खाते न्यूयॉर्कमधील एखाद्या मोठ्या बँकेत असते आणि आपल्या बँकेचे नोस्ट्रो (परदेशी बँकेत परकीय चलनात ठेवलेले) खातेही न्यूयॉर्कमध्येच असते. एका खात्यातून रक्कम उतरते आणि दुसऱ्यात चढते, ती अमेरिकेच्या भूमीवर. त्या एका क्षणी तुमच्या व्यवहारावर अमेरिकेचा कायदा चालतो. तिथली संगणकप्रणाली पाठवणाऱ्याचे नाव, मिळवणाऱ्याचे नाव, जहाज, बंदर आणि मालाचे वर्णन अमेरिकी अर्थखात्याच्या यादीशी ताडून पाहते आणि जरा जुळले की निरोप थांबतो. आमच्या एका ग्राहकाच्या फर्निचरच्या कड्यांच्या एका नमुन्याचे नाव "हवाना" होते. ते इन्व्हॉइसच्या वर्णनात आले आणि त्या बिचाऱ्याचे पैसे नऊ दिवस अडकले, कारण यंत्राला क्युबाची राजधानी दिसली आणि माणसाला दिसायला नऊ दिवस लागले. मी त्या दिवसांत तीन वेळा एकच स्पष्टीकरण लिहिले, की हवाना हे कड्यांच्या डिझाइनचे नाव असून माल गुलटेकडीच्या गोदामातून थेट जर्मनीत गेला आहे.

न्यूयॉर्कच्या बँका इतक्या बिचकतात याला कारण आहे. सुदान, इराण आणि क्युबा यांच्याशी संबंधित व्यवहार लपवून पुढे ढकलल्याबद्दल बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला २०१४ मध्ये जवळजवळ ९ अब्ज डॉलरचा दंड झाला. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या चौकशांचा सूर पालटला. पूर्वी नाव जुळले तरच विचारणा होई, नंतर नाव जुळले नाही तरी "मालाचा वापर कशासाठी" असे विचारले जाऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने आणखी एक पाऊल टाकले. रशियाच्या युद्धसामग्रीच्या उद्योगाला साहाय्य होईल असा व्यवहार करणारी कोणत्याही देशातील बँक, मग चलन डॉलर असो वा नसो, अमेरिकेतील आपले खाते गमावू शकते, अशी तरतूद त्यांनी केली. हे दुय्यम निर्बंध. त्यानंतरच्या वर्षात तुर्कस्तान, अमिराती आणि चीन येथील बँकांनीही रशियाशी असलेले व्यवहार आखडते घेतले, ते काही वॉशिंग्टनवरच्या प्रेमापोटी नव्हे. सरकारने नेमलेल्या शंभर तपासनिसांपेक्षा एक धास्तावलेला बँक अधिकारी स्वस्तही पडतो आणि जास्त कामही करतो. म्हणून निर्बंध लादणारे देश सीमेवर पहारा बसवण्याऐवजी बँका, विमा कंपन्या आणि जहाज कंपन्या यांनाच पहारेकरी करतात. तुमची रक्कम अडवणारा अधिकारी त्या साखळीतील शेवटची कडी आहे; त्याच्यावर राग धरून उपयोग नाही.

आता बेअरिंगचेच का, हे सांगतो, कारण त्याचे मूळ बरेचसे आपल्या गावात आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे कंपनीचा अधिक शक्तिशाली महासंगणक नाकारला; हवामानाच्या नावाखाली तो अण्वस्त्रांच्या कामी येईल ही भीती होती. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. ही गोष्ट पुण्यात अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगावीही; पण निर्बंधांच्या अभ्यासकाला तिच्यात दुसरेच काहीतरी दिसते. परमच्या पोटात ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश बनावटीचे प्रोसेसर होते. ते बाजारात विकत मिळत होते आणि आपल्या लोकांची करामत असे अनेक प्रोसेसर जोडून ते एका यंत्रासारखे चालवण्यात होती. म्हणजे अमेरिकेने आख्खे यंत्र रोखले आणि त्याचे सुटे भाग मोकळे सोडले. हा धडा तिकडे नीट गिरवला गेलेला दिसतो. रशियासाठी आज अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन आणि जपान मिळून जी "प्राधान्याच्या वस्तूंची" सामाईक यादी चालवतात, तिच्यात एकही तोफ किंवा रणगाडा नाही. तिच्यात आहेत ते पन्नास एचएस कोड, ज्यांत ८५४२ खालील इंटिग्रेटेड सर्किट, संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी यंत्रे आणि ८४८२.१० म्हणजे साधी बॉल बेअरिंगे आहेत. तुमच्या इन्व्हॉइसवर नेमका हाच आकडा असेल, तर बँकेच्या प्रणालीत लाल दिवा लागण्यास खरेदीदाराचे नाव वाईट असण्याचीही गरज नाही.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. "कोण झुकले?" हे विचारण्याआधी त्या सरकारला काय साधायचे होते हे विचारले पाहिजे, आणि इथे सरकारे स्वतःच गोंधळ घालतात, कारण भाषणात ती एक हेतू सांगतात आणि अधिसूचनेत दुसरा लिहितात. माझ्या अनुभवात हेतू साधारण तीन प्रकारचे असतात, पण ते एकमेकांत मिसळलेले असतात. समोरच्याचे वागणे बदलावे, हा पहिला. त्याची ताकद वाढू नये किंवा उशिरा वाढावी, हा दुसरा. आणि युद्ध करायचे नाही, गप्पही बसायचे नाही, म्हणून आपली नापसंती किंमत मोजून दाखवावी, हा तिसरा. पहिला हेतू क्वचित साधतो, दुसरा अर्धवट साधतो, तिसरा बहुधा साधतो. पण यशापयशाचा हिशोब मात्र सगळे जण पहिल्याच हेतूवर करतात.

दुसऱ्या हेतूबद्दल आपण भारतीयांनी तरी अगदी मोकळेपणाने बोलायला हवे, कारण आपण त्या बाजूला उभे राहिलेलो आहोत. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि अनेक भारतीय संस्थांची नावे यादीत घातली. त्यांतील बहुतांश निर्बंध सप्टेंबर २००१ मध्ये उठले. आपण अणुकार्यक्रम सोडला नाही, म्हणून ते फसले असे म्हणता येईल. पण रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाचे पाहा. १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि रशियाची अंतराळ संस्था ग्लावकॉसमॉस या दोघांवर निर्बंध घातले, रशियाने तंत्रज्ञान देण्याचे टाळून तयार इंजिने तेवढी दिली, आणि भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक इंजिनासह यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. सगळा उशीर निर्बंधांमुळेच झाला असे मी म्हणणार नाही, तथापि ज्याने तो निर्णय घेतला त्याच्या दृष्टीने तो वाया गेला असेही म्हणता येत नाही. नकारामुळे वेळ लांबतो आणि त्याच वेळी समोरच्याला स्वतः शिकावे लागते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

वागणे बदलण्याच्या हेतूसाठी इराणइतके बोलके उदाहरण मला माहीत नाही, कारण ते मी काउंटरवरून पाहिले. मार्च २०१२ मध्ये इराणच्या अनेक बँकांना स्विफ्टमधून काढले गेले आणि त्यांची तेलाची निर्यात निम्म्याच्या आसपास घसरली. भारताने त्यातून वाट काढली ती यूको बँकेतून. अमेरिकेत जिचे फारसे अडकलेले नाही अशी बँक मुद्दाम निवडली, तेलाच्या किमतीचा काही भाग रुपयांत तिच्याकडे जमा होऊ लागला आणि त्याच रुपयांतून आपल्या बासमती व चहाच्या निर्यातदारांना पैसे मिळू लागले. एवढ्या दाबानंतर जुलै २०१५ मध्ये इराणने अणुकरार केला. म्हणजे वागणे बदलले. पण ८ मे २०१८ रोजी अमेरिका त्या करारातून बाहेर पडली, निर्बंध पुन्हा आले, आणि मे २०१९ मध्ये भारताला मिळालेली तेलखरेदीची सवलतही संपली. तेल थांबल्यावर यूको बँकेतील रुपयांचा झराच आटला आणि इराणला तांदूळ पाठवणाऱ्यांची बिले रखडू लागली. करार शाबूत ठेवण्यासाठी फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटन यांनी जानेवारी २०१९ मध्ये इन्स्टेक्स नावाची वेगळी देवघेव यंत्रणा उभारली. तिच्यातून पहिला व्यवहार व्हायला मार्च २०२० उजाडला आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली गेली. युरोपच्या सरकारांनाही आपल्याच कंपन्यांच्या मनातील न्यूयॉर्कची भीती घालवता आली नाही. निर्बंध लादण्याइतकेच ते उठवण्याचे वचन पाळता येणे महत्त्वाचे असते, कारण झुकूनही सुटका नाही असे ज्याला वाटते तो कशासाठी झुकेल? २०१८ नंतर इराणने युरेनियमचे समृद्धीकरण वाढवत नेले, त्यामागे हेही एक कारण आहे असे माझे मत आहे.

रशियाच्या बाबतीत निर्बंध लादणाऱ्यांनी आपला हात थोडा आखडताच ठेवला, हे फारसे बोलले जात नाही. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परदेशी गंगाजळी गोठवली गेली आणि तिचा मोठा भाग बेल्जियममधील युरोक्लियर या संस्थेत आहे. हा घाव मोठा होता. पण रशियाचे तेल कोणत्याच देशाला मिळू नये अशी बंदी घातली असती तर जगभर भाव भडकून पाश्चात्त्य मतदारच पोळले असते. म्हणून ५ डिसेंबर २०२२ पासून वेगळीच युक्ती लढवली गेली. पिंपाला ६० डॉलरपेक्षा जास्त भाव दिलेले रशियन तेल वाहून नेणाऱ्या जहाजाला पाश्चात्त्य विमा आणि वाहतूकसेवा मिळणार नाही, असे ठरले. तेल वाहत राहावे, रशियाची कमाई तेवढी आटावी, असा हा डाव होता. रशियाने जुन्या, मालकी संशयास्पद असलेल्या टँकरांचा ताफा जमवून त्यातून वाट काढली, आणि भारताच्या तेलआयातीत युद्धापूर्वी नगण्य असलेला रशियाचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे गेला. पुढे मे २०२३ मध्ये गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह म्हणाले की, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठले आहेत, पण ते वापरता येत नाहीत. विकलेल्या मालाचे पैसे मिळूनही ते खर्च करता न येणे, हा निर्बंधांचा असा परिणाम आहे जो कोणत्याही आकडेवारीत पटकन दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेल घेतल्याबद्दल भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावले, तेव्हा हे हत्यार शत्रूवरून ग्राहकावर वळले. माझ्या चाकणच्या एका अशिलाने रशियाला कधी स्क्रूसुद्धा विकला नव्हता. तरी त्याच्या अमेरिकी खरेदीदाराने त्या महिन्यात मागणी थांबवली.

हत्यार उलटतेही. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने रुसाल या रशियन अॅल्युमिनिअम कंपनीवर निर्बंध घातले, जगभर अॅल्युमिनिअमचे भाव उसळले, युरोपातील कारखाने ओरडू लागले आणि जानेवारी २०१९ मध्ये मालकीत फेरफार करून घेऊन ते निर्बंध उठवावे लागले. जो माल आपल्याला दुसरीकडे मिळत नाही, तो विकणाऱ्यावर बंदी घालणे म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. याच्या उलट टोकाला इराक. ऑगस्ट १९९० मधील ठराव ६६१ ने जवळजवळ संपूर्ण व्यापार बंद केला, सत्ताधाऱ्यांची जेवणाची ताटे भरलेलीच राहिली आणि हाल सामान्य लोकांचे झाले. पुढे १९९५ च्या ठरावाने तेलाच्या बदल्यात अन्न आणि औषधे नेऊ द्यावी लागली. आज आख्ख्या देशाऐवजी व्यक्ती, बँका आणि एचएस कोड निवडून निर्बंध लावण्याची पद्धत रूढ झाली, त्यामागे इराकचा हा अनुभव आहे.

आणि भारत हे हत्यार वापरत नाही असे समजू नका. १९४६ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, तेव्हा तर आपण स्वतंत्रही झालो नव्हतो. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले आणि पहलगामनंतर २ मे २०२५ रोजी पाकिस्तानातून थेट किंवा तिसऱ्या देशामार्गे येणारी सर्व आयात बंद केली. "तिसऱ्या देशामार्गे" हे शब्द पुन्हा वाचा. पाकिस्तानी खजूर दुबईत खोके बदलून आले तर आपले सीमाशुल्क अधिकारी ते पकडतात. तुमच्या बेअरिंगबद्दल अमेरिकेला वाटणारी शंका आणि आपल्या अधिकाऱ्यांना खजुराबद्दल वाटणारी शंका यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही.

दुबईच्या व्यापाऱ्याकडे बँक संशयाने का पाहते, हेही इथेच उलगडते. २०२२ नंतर किरगिझस्तान, आर्मेनिया अशा देशांना होणारी युरोपची निर्यात एकाएकी फुगली. तिथल्या लोकांना अचानक इतकी यंत्रे कशाला लागली, याचे उत्तर नकाशावर दिसते: तिथून रशिया जवळ आहे. म्हणून बँक पाहते की खरेदीदार कंपनी फेब्रुवारी २०२२ नंतर स्थापन झाली आहे का, तिचा पूर्वीचा धंदा काय होता, माल घेणारा म्हणून प्रत्यक्ष कारखान्याऐवजी फॉरवर्डरचे (माल पुढे पाठवणाऱ्या एजंटाचे) नाव आहे का. युरोपीय संघाने मार्च २०२४ पासून आपल्या निर्यातदारांना काही मालाबाबत "रशियाला पुनर्निर्यात करणार नाही" असे कलम करारात घालणे सक्तीचे केले. पुण्यातील जर्मन कंपन्यांचे पुरवठादार असाल, तर अशी कलमे तुमच्या खरेदी ऑर्डरच्या मागच्या पानावर एव्हाना आली असतील. ती न वाचता सही केली असेल तर आज वाचा.

तुमच्या प्रकरणात मी बँकेशी वाद घालण्याआधी त्या व्यापाऱ्याशी बोलेन. त्याच्याकडून शेवटच्या वापरकर्त्याचे नाव, पत्ता आणि वापर नमूद केलेले प्रमाणपत्र मागवा, आणि ते त्या वापरकर्त्याच्या लेटरहेडवर असावे असा आग्रह धरा. याहून एक साधी कसोटी तुमच्या हातात आहे, जी बँकेकडे नाही. ज्याला बेअरिंग खरोखर बसवायचे असते तो ग्राहक सी-३ क्लिअरन्स (बेअरिंगच्या आतल्या मोकळ्या जागेचे माप), ग्रीस, भार आणि फेरे यांवरून तुमचे डोके खातो. जो फक्त भाव आणि तारीख विचारतो, खोक्यावर कंपनीचे नाव नको म्हणतो किंवा इन्व्हॉइसवर दुसरा एचएस कोड टाकण्याची विनंती करतो, त्याला बेअरिंगशी देणेघेणे नाही. कागदपत्रे समाधानकारक आली तर ती बँकेच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागाला लेखी द्या आणि पुढील रक्कम कोणत्या बँकेमार्फत येईल हेही कळवा. व्यापारी टाळाटाळ करू लागला आणि "दिरहममध्ये घ्या, माझ्या मेहुण्याच्या खात्यातून पाठवतो" असे म्हणाला, तर माल पॅक करू नका. बँकेला पत्र देऊन आगाऊ रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत पाठवायला सांगा, दुसऱ्या कोणत्याही खात्यात नव्हे, आणि त्या पत्राची पोच घेऊन फाइलला लावा.